एकटीचे तीन राजीनामे

तासमास्तरांच्या टेबलावरचा तो कागद मी वाचला नसता, तर कदाचित आजही मी तिथे बाटल्या धूत असते. वाचला यात माझा काही दोष नाही. माणसानं असले कागद उघडे टाकून चहाला जाऊ नये, आणि गेलाच तर निदान पालथे तरी घालून जावं.

कागदावर चार रकाने होते. पहिल्यात माणूस, दुसऱ्यात त्याचे आठवड्याचे तास, तिसऱ्यात 'जाणार' किंवा 'जाणार नाही', आणि चौथ्यात कारण. माझी ओळ वरून तिसरी. 'विश्लेषक मॅडम. अठरा तास. जाणार नाही. कारण: वय अडतीस, वडील म्हातारे, सर्टिफिकेट भिंतीवर.'

मी ती ओळ तीनदा वाचली. शिवी असती तर परत देता आली असती. पण तिन्ही कारणं खरी होती, आणि खऱ्याला काय उत्तर देणार? मी कागद होता तसा ठेवला, बेसिनपाशी गेले आणि त्या दिवशीच्या चाळीस बाटल्या अशा घासल्या की ब्रशचे केस गळाले.

आमची पाणी तपासणारी प्रयोगशाळा होती, कंपनीच्या तीन शाखांपैकी पहिली. इमारतींच्या टाक्या, पोहण्याचे तलाव, हॉटेलं, शाळा, सगळीकडून पाण्याचे नमुने यायचे आणि त्यांचे अहवाल जायचे. मी रसायनशास्त्रात एमएस्सी, पहिला वर्ग. चार वर्षांपूर्वी मला 'विश्लेषक' म्हणून घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की मी विश्लेषण करणार. माझ्या भोळेपणाला त्या काळी तोड नव्हती. विश्लेषण एक मशीन करायचं. मशीन चालवायला एक ऑपरेटर होता आणि तो माझ्याहून स्वस्त होता, एवढी एक पात्रता त्याच्याकडे होती. मी बाटल्या धुवायचे, वाळवायचे आणि त्यांवर लेबलं चिकटवायचे.

मग मला घेतलं कशाला? तर परवान्याचा नियम असा की प्रत्येक प्रयोगशाळेत एक पूर्णवेळ पात्र विश्लेषक हवा, आणि त्याचं मूळ सर्टिफिकेट दर्शनी भिंतीवर हवं. कंपनीला गरज होती ती सर्टिफिकेटची. चपलांबरोबर खोका येतो तशी मी त्याच्याबरोबर आले. माझ्या सहीचासुद्धा त्यांनी रबरी शिक्का करून घेतला होता. 'उगाच तुमच्या हाताला त्रास नको' असं तासमास्तर म्हणाले, आणि मी मूग गिळून बसले. तेव्हा बोलायला हवं होतं, हे मला कळतं. पण अठरा तासांचे बारा होतील ही भीती माणसाला फार समंजस बनवते.

तासमास्तरांचं खरं पद 'मनुष्यबळ नियोजन प्रमुख'. रोज संध्याकाळी सातला त्यांचा मेसेज यायचा. 'उद्या ११ ते २.' किंवा 'उद्या नको.' सातपर्यंत आपला उद्याचा दिवस त्यांच्या खिशात. त्यामुळे दुसरीकडे कुठे अर्धवेळ काम धरावं म्हटलं तरी सोय नव्हती. दोनदा 'जमणार नाही' म्हटलं की तिसऱ्या आठवड्यात तास आपोआप घटायचे. एकदा मी विचारलं, "सर, मी कागदावर पूर्णवेळ आहे ना?" तर म्हणाले, "आम्ही देतो तो वेळ तुम्ही पूर्ण भरता की नाही? मग पूर्णवेळच झालं." उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, हा माणूस उंटावर बसून शेळ्यांना घड्याळ दाखवायचा.

स्वागतकक्षात एक पाटी होती: 'स्थापनेपासून एकाही कर्मचाऱ्याला कामावरून काढलेले नाही.' ती शंभर टक्के खरी होती. आमच्या नमुनेवाल्यालाही काढलं नाही. गावभर फिरून पाण्याच्या बाटल्या भरून आणणारा पंचेचाळिशीचा माणूस. त्याचे तीस तास होते, त्याचे वीस झाले, मग दहा, मग चार. चार तासांसाठी दोन बस बदलून तो एक महिना आला आणि मग आपणहून राजीनामा देऊन गेला. तासमास्तरांनी त्याच्यासाठी चहा मागवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो." आधी लाथ मारायची आणि मग माणूस पडला की त्याच्या पडण्याचा आदर करायचा, अशी ती पद्धत. ज्याची गरज नाही त्याचे तास एवढे कापायचे की तो जाईल. ज्याची गरज आहे त्याला एवढेच द्यायचे की तो जगणारही नाही आणि जाणारही नाही. अर्धपोटी माणूस ताटापाशी बसून राहतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. माझं माप अठरा तास निघालं होतं.

आता खरी गोष्ट सांगते. कागद वाचला तो सोमवार. त्याच्या आधीच्या शनिवारी मला एका रंगकामाच्या कारखान्यातून पत्र आलं होतं. कापड रंगवायचा कारखाना, पूर्णवेळ केमिस्टची जागा, गुरुवारी दहा वाजता मुलाखत आणि प्रत्यक्ष काम करून दाखवणं, मूळ सर्टिफिकेट सोबत आणावं. अर्ज मीच केला होता, सहा महिन्यांपूर्वी, एका वाईट दिवशी. पत्र आलं तेव्हा मी ते डब्याखाली सारलं आणि जायचं नाही असं जवळजवळ ठरवून टाकलं. कारण 'प्रत्यक्ष काम' हे दोन शब्द. चार वर्षांत मी एकदाही टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडून आम्ल मोजणं, केलं नव्हतं. आमच्याकडे त्यासाठीची तोटीची काचनळी, ब्युरेट, होती, नाही असं नाही. तपासनिसांना दिसावी म्हणून ती स्टँडला लावून ठेवलेली असायची, आणि दर सोमवारी मी ती लखलखीत धुऊन परत रिकामीच लावायचे. माझे हात आता फक्त धुण्याचे उरलेत, अशी मला भीती होती. ही भीती मी कुणालाही सांगितली नव्हती, आणि तरी ती चौथ्या रकान्यात कुणीतरी लिहून ठेवल्यासारखी मला वाटली.

मंगळवारी मी तासमास्तरांच्या टेबलापुढे उभी राहिले.

"सर, माझं मूळ सर्टिफिकेट दोन दिवसांसाठी हवं होतं."

"कशाला?"

मला खोटं पटकन सुचत नाही. "बँकेत दाखवायचंय."

"बँकेला झेरॉक्स चालते."

"त्यांना मूळच हवंय."

"अहो मॅडम, पण ते भिंतीवर आहे."

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय. माझ्याकडे असतं तर विचारलं असतं का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "समजा उद्या अचानक तपासनीस आले. त्यांना मी भिंतीवर काय दाखवू? खिळा?"

"मला दाखवा की. मी असेन ना इथे."

हे ऐकून ते अगदी मनापासून हसले. "तुम्हाला बघून त्यांना काय कळणार, मॅडम?" मग म्हणाले, "रीतसर अर्ज करा. सात दिवसांत विचार करू." आणि संध्याकाळी सातला त्यांचा मेसेज आला: 'उद्या नको.'

माझे वडील तसबिरींचं काम करतात. लोकांचे फोटो, पदव्या, भरतकाम, काय म्हणाल त्याला चौकट. आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची त्यांची आणि त्यांच्या काचांची. माझं सर्टिफिकेट कंपनीसाठी त्यांनीच मढवलं होतं, सागवानी पट्टीत. मी त्यांना पत्र दाखवलं आणि कागदाचंही सांगितलं.

"वडील म्हातारे असं लिहिलंय?" बाबांनी काच कापायची थांबवली.

"हो."

"त्यानं मला पाहिलंय कधी?"

"नाही."

"मग कशावरून लिहितो?" त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पण एवढा अपमान झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "उद्या चल. मी काढून देतो. मीच बसवलंय, मीच काढणार. त्याच्या अर्जाबिर्जाची काय गरज?"

"बाबा, आणि तिकडे जाऊन हातच चालला नाही तर?"

"नाही चालला तर नाही चालला. पण ते तिथं जाऊन कळेल. इथं डब्याखाली पत्र ठेवून कसं कळणार?" त्यांना डबाही माहीत होता.

बुधवारी तासमास्तर दुपारी तीनपर्यंत मोठ्या साहेबांकडे असायचे. आम्ही अकराला पोचलो. स्वागतकक्षात आमच्या शिक्केबाई होत्या. आलेल्या प्रत्येक कागदावर 'मिळाले'चा शिक्का मारणं हे त्यांचं काम, आणि ते त्या जीव ओतून करायच्या. "माझ्या वडिलांना फ्रेम जरा नीट करायचीय," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "करू दे की. तिरकी झालीच आहे."

बाबांनी फ्रेम खाली घेतली, पालथी केली आणि तशीच धरून बसले.

"ही टेप माझी नाही."

"म्हणजे?"

"मी कोपरे दुमडून चिकटवतो. हे कुणीतरी फाडून वर नुसती थापलीय." त्यांनी पक्कड घेतली, चार बारीक खिळे उपटले, पाठ काढली. "आणि माझी पट्टी कुठंय?"

विद्यापीठाचा शिक्का कागदावर उठावाचा असतो. तो काचेला टेकून चपटा होऊ नये म्हणून बाबा चारी बाजूंनी आत पुठ्ठ्याची बारीक पट्टी घालतात. फ्रेमच्या धंद्यात हे फार थोडे लोक करतात, असं ते ग्राहक असो वा नसो सगळ्यांना सांगतात. आत पट्टी नव्हती. उठावही नव्हता. मी शिक्क्यावरून बोट फिरवलं तर तो गुळगुळीत. चकचकीत कागदावरची रंगीत झेरॉक्स होती ती.

शिक्केबाई खुर्चीतून उठून बघायला आल्या. "अगं बाई! मी रोज हिच्याखाली बसते." मग म्हणाल्या, "तू दोन नंबरच्या शाखेत विचार. तिकडच्या अहवालांवर तुझीच सही असते."

"माझी?"

"तिथली आणि तीन नंबरचीसुद्धा. मला वाटायचं तू तिकडेही जातेस. म्हटलं, कमाल आहे पोरीची, कुठे बोलत नाही."

दोन नंबरची शाखा बसनं वीस मिनिटांवर. मी कधी गेले नव्हते, मला कुणी बोलावलंच नव्हतं. काचेच्या दारामागे एक तरुण स्वागतिका, तिच्या डोक्यावर फ्रेम, फ्रेमखाली पाटी, 'पूर्णवेळ विश्लेषक', आणि पाटीवर माझं नाव.

"कोण हवंय?" तिनं विचारलं.

मी पाटीकडे बोट केलं. "या मॅडम."

"मॅडम फील्डवर आहेत."

"कधी येतील?"

"त्यांचं काही सांगता येत नाही. फार बिझी असतात."

बाबांना खोकला आला. मला मात्र राहवेना. "स्वभावानं कशा आहेत?"

"कडक आहेत म्हणे," ती हळू आवाजात म्हणाली. "मला दोन वर्षं झाली, पण अजून भेट नाही झाली."

बाबा टाचा उंचावून काचेजवळ गेले, एका डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाले, "झेरॉक्स. चल, पुढची बस."

तीन नंबरची शाखा नवीकोरी, रंगाचा वास अजून गेला नव्हता. आत एकटा पहारेकरी खुर्चीत बसलेला. त्यानंही विचारायच्या आधीच सांगितलं की मॅडम फील्डवर आहेत. मी माझं ओळखपत्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं आणि ताडकन उभा राहून म्हणाला, "आलात होय फील्डवरून!" त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला त्याला दुखवावंसं वाटेना. मी म्हटलं, "हो, आत्ताच."

इथे काचेमागे शिक्क्याची बारीकशी सावली पडली होती, म्हणजे उठाव होता. बाबांनी टेबलावरच फ्रेम उघडली, माझं सर्टिफिकेट काढलं आणि आतून स्वतःची पुठ्ठ्याची पट्टीही काढून खिशात घातली. "चोरांनी पट्टी तेवढी नीट बसवली होती," ते म्हणाले. जरा समाधान झालेलं दिसलं. रिकामी फ्रेम त्यांनी परत खिळ्याला अडकवली, सरळ आहे ना ते लांब जाऊन पाहिलं, आणि आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये मी हिशोब मांडला. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. तीन शाखा म्हणजे एकशे चव्वेचाळीस. आठवड्यात तास असतात एकशे अडुसष्ट. म्हणजे कागदावरच्या त्या बाईला झोपायला, जेवायला आणि बसनं फिरायला दिवसाला साडेतीन तास उरत होते. आणि मी, हाडामांसाची, आठवड्याला दोन तास वाढवून द्या म्हणून तिच्याच मालकापुढे हात जोडत होते! हसू यायला हवं होतं. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर तिचा हेवा वाटला. तिला कुणी 'उद्या नको' म्हणत नव्हतं.

बाबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "राजीनामा देणार का?"

"एक देऊन कसं भागेल?" मी म्हटलं.

स्टॉपवरच्या बाकावर बसून मी तीन लिहिले. 'मी आपल्या शाखा क्रमांक एकमधील पूर्णवेळ विश्लेषक या पदाचा राजीनामा देत आहे.' मग दोनमधील. मग तीनमधील. प्रत्येकाच्या दोन प्रती. सही हातानं केली, रबरानं नाही.

आता तासमास्तरांचा एक नियम सांगायला हवा. शिक्केबाई पूर्वी येणारा प्रत्येक कागद वाचायच्या आणि वाचून प्रश्न विचारायच्या. ते तासमास्तरांना परवडत नव्हतं. म्हणून त्यांनी लेखी आदेश काढला होता की कागदावर तारीख, विषय आणि सही असेल तर शिक्का मारावा, मजकूर वाचू नये. तो आदेश शिक्केबाईंच्या टेबलाच्या काचेखाली होता. एक नंबरला परतल्यावर मी सहा कागद पुढे ठेवले. त्यांनी सहाही अथपासून इतिपर्यंत वाचले, आदेशाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मी काही वाचलं नाही हं." मग शिक्का उचलला. ठक, ठक, ठक, ठक, ठक, ठक. आवक क्रमांकही घातले. तीन प्रती मी पर्समध्ये टाकल्या.

तीन वाजता तासमास्तर आले. पहिला राजीनामा त्यांनी उभ्यानं वाचला, दुसरा बसून, आणि तिसरा वाचताना पाण्याचा ग्लास शोधायला लागले.

"मॅडम, हे तीन कशाला?"

"एका नोकरीचा एक."

"अहो, पण तुमची नोकरी एकच आहे."

"मग दोन फाडून टाका. फक्त वर शिक्के आहेत तेवढे बघा."

त्यांनी शिक्केबाईंकडे पाहिलं. शिक्केबाईंनी काचेखालच्या आदेशाकडे पाहिलं. तासमास्तर परत माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी दुखावलेली तक्रार होती. "पण तुम्ही जाणार नव्हता!"

"कुणी सांगितलं?"

माझी खात्री आहे, त्यांना त्या क्षणी परवान्यापेक्षा आपल्या तक्त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज मऊ केला. "हे बघा. आपण मार्ग काढू. उद्यापासून तुम्हाला दहा ते सहा. आठवड्याचे सहा दिवस. लेखी देतो, आत्ता देतो. खरोखर पूर्णवेळ."

खोटं कशाला बोलू, माझा पाय अडखळला. चार वर्षं मी हेच मागितलं होतं. किती अर्ज केले होते, किती वेळा या टेबलापाशी बोटं मोडत उभी राहिले होते. उद्याची मुलाखत म्हणजे पळत्याच्या पाठी लागणं होतं. तिथे हात चालला नाही तर मी ना इकडची ना तिकडची. दारात बाबा उभे होते, पण ते मुद्दाम पाटी वाचत होते, माझ्याकडे बघत नव्हते.

"आणि काम काय?" मी विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. "काम? तेच की. बाटल्या. पण पूर्णवेळ!"

देव भलं करो त्यांचं, थोडं खोटं बोलले असते तर मी थांबले असते. मी पर्स उचलली. ते मागून म्हणाले, "रागाच्या भरात निर्णय घेऊ नका. मी तुमचं नाव यादीवर ठेवतो. येणार तुम्ही, मला माहितीय." या वेळी चहा मागवला नाही.

गुरुवारी दहाला मी कारखान्यात होते. मुख्य केमिस्ट साठीच्या घरातले, काटकुळे, नखं कायमची निळी पडलेली. त्यांनी सर्टिफिकेटवर जेमतेम नजर टाकली. "आत ठेवा, डाग पडेल. अनुभव किती?"

"कागदावर तीन ठिकाणचा आहे," मी म्हटलं. "हाताला एकाही ठिकाणचा नाही."

त्यांनी भुवई उचलली, पण पुढे विचारलं नाही. टेबलावर आम्लाचा नमुना होता, इंडिकेटर होता, ब्युरेट होती. ब्युरेटमधलं द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि फ्लास्कमधलं पाणी अगदी फिकट गुलाबी झालं की त्याच थेंबाला थांबायचं. शाळकरी मुलंही करतात. मी तोटी फिरवली. एक थेंब, दोन थेंब, मग तोटी जरा जास्त फिरली आणि फ्लास्क भडक गुलाबी झाला. गेलं. मला स्पष्ट दिसलं की तासमास्तर त्यांच्या तक्त्यात पेन्सिलीनं टिक करताहेत.

"दुसरा घ्या," केमिस्ट म्हणाले. एवढंच.

मी ब्युरेट काढली आणि आधी धुतली. कुणी सांगितलं नव्हतं, सवयीनं धुतली, नळाखाली, मग डिस्टिल्ड पाण्यानं, मग द्रावणानंच एकदा विसळली. धुता धुता हात परत माझे झाले. एवढी एक गोष्ट तर मला येत होती. परत भरली, तोटी धरली, आणि या वेळी बोटांना आपोआप आठवलं. शेवटचा थेंब टोकाला लोंबकळत ठेवून मी तो काचेला टेकवला आणि फ्लास्क हलवला. फिकट गुलाबी. अर्धा मिनिट झालं तरी तो रंग राहिला.

त्यांनी आकडा लिहून घेतला, स्वतःच्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला, मग ब्युरेट उजेडाकडे धरली. "चार वर्षं काय करत होतात?"

"बाटल्या धूत होते."

"दिसतंय. आत एक थेंब चिकटलेला नाही." त्यांनी ती परत लावली. "आमच्याकडचा धुणारा माणूस कामचुकार आहे. जमलं तर त्याला शिकवा. तुम्ही सोमवारी आठला या."

"आठ ते किती?"

"आठ ते चार. रोज. पाळ्यांचा तक्ता बाहेर आहे, महिन्याचा."

बाहेर जाऊन मी तो तक्ता वाचला. पूर्ण महिना, प्रत्येक माणूस, प्रत्येक दिवस, आधीच लिहिलेला. सुट्ट्यासुद्धा. लोक येत-जात होते आणि मी त्या भिंतीपुढे उभी राहून डोळे पुसत होते. त्यांना वाटलं असेल, बाईचं कुणीतरी गेलं.

घरी आले तर बाबांनी नवी पट्टी कापून ठेवली होती. "या वेळी अक्रोडाची करतो."

"नको बाबा," मी म्हटलं. "आता भिंतीवर नको. कपाटात राहू दे."

त्यांना वाईट वाटलं, पण पट्टी परत ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. बरोबर सात झाले होते. यादीवर माझं नाव अजून होतंच.

'उद्या ११ ते २. शाखा ३. अचानक तपासणी आहे. मॅडम, कृपया नक्की या.'

'कृपया' हा शब्द चार वर्षांत पहिल्यांदाच आला होता. मी बाबांना वाचून दाखवला, मग एका बोटानं सावकाश उत्तर लिहिलं.

'मॅडम फील्डवर आहेत.'